नव्या रीफ टँकमधले कोरल मरतायत? आधी हे तपासा

पाणी काचेसारखं स्वच्छ, तरी कोरल पांढरे पडतायत? मी कोड डीबग करतो तसंच इथेही करतो: आधी मोजायचं, मग एका वेळी एकच बदल.

१. अमोनिया, नायट्राइट: दोन्ही शून्य हवेत. ते पचवणारे बॅक्टेरिया वाढायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. रीडिंग वर असेल तर थोडं पाणी बदला.

२. खारटपणा: सुमारे ३५ पीपीटी. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. त्यामुळे रोजची घट आरओ-डीआयच्या गोड्या पाण्यानेच भरा.

३. तापमान: २४ ते २७ अंश सेल्सिअस.

४. लाइट: एकदम फुल ठेवला तरी रंग उडतो. कमी करून हळूहळू वाढवा.

रंग गेला पण मांसल थर शाबूत असेल, तर कोरल अजून वाचू शकतो. नुसता सांगाडा दिसत असेल, तर तेवढा भाग गेला. म्हणून टेस्ट किट आजच काढा.