फिटरचा वाईस, सुताराचं बेंच

लातुरात गंजगोलाईच्या आसपास कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा आणि नुसतं ‘वाईस दाखवा’ म्हणा. दुकानदार निळ्या नाहीतर हिरव्या रंगाचा, जबड्यांना दाते असलेला, बुडाशी फिरणारा ओतीव लोखंडाचा जिन्नस काउंटरवर आणून ठेवेल. ‘मिस्त्री, हेच घेऊन जावा, जलमभर बघायचं काम न्हाई.’ त्याचं काही खोटं नाही, वाईस जन्मभर टिकेलही. पण तो फिटरचा वाईस आहे. सुताराने तो बेंचवर बसवला की जन्मभर त्याच्याशी भांडत बसायची पाळी येते.

१७ सप्टेंबर २०२३ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह १८ व्यवसाय आहेत आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. एवढ्या पैशात रंधे, पटाश्या, हातमशीन यांची सोय लावताना वाईस बहुतेक शेवटी आठवतो, आणि मग जो समोर येईल तो उचलला जातो. बेंच नव्याने मांडणाऱ्याने खरं तर त्याचा विचार आधी करायला हवा, कारण तो बसवण्यासाठी बेंच कापावं लागतं.

‘वाईस सगळे सारखेच, लाकूड धरलं म्हणजे झालं’

फिटरचं काम लोखंडाच्या लहान तुकड्याचं. कानस चालवायची, हॅक्सॉने कापायचं, आटे पाडायचे. त्याला तुकडा डोळ्याजवळ हवा असतो, म्हणून त्याचा वाईस टेबलाच्या वर उभा राहतो. लोखंड निसटू नये म्हणून जबड्यांना दाते. लाकडाला हे दाते एकदा लागले की सागाच्या फळीवर जाळी उमटते आणि ती काढायला पुन्हा रंधा मारावा लागतो. दात्यांवर लाकडाच्या पट्ट्या बसवून हा त्रास टाळता येतो, पण खरी अडचण उंचीची आहे. दाराची सात फुटी फळी फिटरच्या वाईसमध्ये धरली तर ती बेंचपासून वीतभर वर अधांतरी लटकते. मधेच पकडलेली, दोन्ही टोकं मोकळी. रंधा सरकला की फळी थरथरते, पातं उड्या मारतं आणि कड लाटांसारखी निघते.

सुताराचा वाईस बेंचच्या खालून बसतो. त्याचे जबडे बेंचच्या वर येत नाहीत, रुंद आणि सपाट असतात आणि त्यांना आतून लाकडी अस्तर लावायला भोकं ठेवलेली असतात. लांब फळी धरली की ती बेंचच्या पूर्ण कडेला पाठ टेकून उभी राहते. वाईस फक्त एका टोकाला पकडतो, बाकीचा भार बेंच घेतं. वाईस निवडताना आणि बसवताना हीच गोष्ट धरून चालायचं: लाकूड धरायचं काम बेंचचं, वाईस त्याच्या मदतीला.

‘जितका घट्ट आवळाल तितका चांगला’

हा समज एवढा पक्का आहे की दांड्यात पाइप घालून आवळणारे कारागीर सर्रास दिसतात. साधा हिशेब करून बघा. दांड्याचं टोक स्क्रूच्या मध्यापासून १५ सेंटिमीटरवर आहे आणि आट्यांमधलं अंतर ६ मिलिमीटर आहे असं धरू. एका फेऱ्यात हात साधारण ९४ सेंटिमीटर फिरतो आणि जबडा फक्त ६ मिलिमीटर सरकतो. म्हणजे कागदावर हाताचा जोर १५७ पट होतो. आट्यांच्या घर्षणात त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त खर्ची पडला तरी चाळीस-पंचेचाळीस पट उरतो. हाताने दहा किलोचा जोर दिला, तर लाकडावर चार-साडेचारशे किलो पडतात. याच्यावर पाइप कशाला?

पाइपने होतं ते नुकसानच. ओतीव लोखंड दाब मुकाट सोसतं, पण ताण आणि वाक त्याला सोसत नाही. ते वाकून इशारा देत नाही, थेट तडकतं. त्याआधी पातळ चौकट जबड्यात वाकते. वाकलेल्या स्थितीत तुम्ही ती सरळ रंधून काढता आणि वाईस सैल केला की ती पुन्हा बाक धरते. हातांनी मारून मारून सरळ केलेली कड सुटल्यावर वाकडी निघाली, तर रंध्याला दोष देण्याआधी आपण किती आवळलं होतं ते आठवावं.

वाईस खरा मार खातो तो तिरकेपणाने. स्क्रू मधोमध असतो, त्यामुळे उभी फळी मधोमध धरता येत नाही, ती एका बाजूलाच घालावी लागते. मग त्या बाजूला जबडा अडतो, दुसऱ्या बाजूला आत येतो, आणि तिरक्या झालेल्या जबड्यातून फळी सटकते. साहजिकच आपण आणखी आवळतो. उपाय फुकटातला आहे: तेवढ्याच जाडीचा कापलेला तुकडा दुसऱ्या बाजूला घालायचा. नेहमी लागणाऱ्या जाडीचे असे तुकडे दोरीत ओवून बेंचच्या पायाला अडकवले, की शोधाशोध होत नाही.

आणखी एक गंमत. सुताराच्या चांगल्या वाईसचे जबडे मुद्दाम किंचित तिरपे असतात, वरची कड आधी टेकते. आवळत गेलं की जबडा थोडा मागे झुकतो आणि मग पूर्ण टेकतो. हे माहीत नसलेला गिऱ्हाईक ‘माल खराब आहे’ म्हणून परत करायला येतो, किंवा घरी नेऊन खाली पत्र्याची चकती घालून जबडे समांतर करतो, म्हणजे चांगला वाईस बिघडवतो. तपासायचं असेल तर वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या घ्या, एक वर, एक तळाशी, आणि हलकेच आवळा. वरची पट्टी अडकली आणि खालची ओढता आली तर वाईस बरोबर आहे. वरची सुटली आणि खालची अडकली, तर मात्र तो घेऊ नका.

‘आपल्या जुन्या सुतारांना कुठं वाईस लागायचा?’

नव्हताच लागत. पण ते कौशल्य थोर म्हणून नव्हे, काम वेगळं होतं म्हणून. बलुत्याचा सुतार तिफण, कुळव, वखर आणि बैलगाडी करायचा. लाकूड बाभळीचं, जड. हत्यार वाकस, आणि त्याचा घाव वरून खाली. खाली जमीन किंवा ओंडका घाव झेलतो, पाय लाकूड धरतो, आणखी काही लागत नाही. असलं काम आजही बेंचवर केलं तर उलट अवघड जाईल.

रंध्याचा जोर आडवा असतो. कड रंधताना लाकूड पुढे पळतं, त्याला कुणीतरी अडवावं लागतं. पूर्वी हे अडवणारा म्हणजे बहुतेक हाताखालचा पोरगा, दुसऱ्या टोकाला बसलेला. आजच्या मजुरीत त्या पोराची रोजंदारी धरली, तर वाईस लवकर वसूल होतो. आणि तरीही सगळी कामं वाईसमध्ये करायची नसतात. फळीचा सपाट भाग रंधायला बेंचवर ठोकलेली खुंटी पुरते. साल पाडताना तर वाईस टाळाच. मोगरीचा प्रत्येक घाव वाईसच्या सळ्यांवर आणि स्क्रूवर जातो, काही दिवसांनी जबडा खाली ओघळल्यासारखा होतो. ते काम बेंचवर, नेमकं पायाच्या डोक्यावर करावं, तिथे घाव थेट जमिनीत उतरतो.

‘आता सगळं प्लायचं, वाईस कशाला’ असंही ऐकू येतं. प्लायचे कपाट-कट्टे जागेवरच होतात, त्यांना फारसा लागत नाही, हे मान्य. पण दाराच्या कडेत कुलपाची खाच पाडायला दार कडेवर उभं करायला लागतं, तेव्हा दोन माणसं दार धरून उभी राहतात.

आकार

‘मोठा घ्या, छोटं कामही होतं.’ नऊ इंची जबड्याचा लोखंडी वाईस पंधरा किलोच्या आसपास जातो. दीड इंची फळीचं हलकं बेंच असेल तर तो लावला की बेंचच एका बाजूला झुकतं. अशा बेंचला सात इंचीच बरा. रुंदी हवी तर ती जबड्यात न घेता अस्तरात घ्या: पाऊण ते एक इंच जाडीचं सागाचं अस्तर जबड्यापेक्षा दोन्हीकडे दोन-दोन इंच लांब ठेवलं की पकड रुंद होते. जबडा किती उघडतो याची जाहिरात फार असते, पण चौकटीचं लाकूड सहसा चार-पाच इंचांवर जात नाही. त्यापेक्षा जबड्याच्या कडेपासून स्क्रूपर्यंतची खोली बघा, ती कमी असेल तर रुंद लाकूड स्क्रूवर आपटतं आणि वरच्या वर धरलं जातं. खटका दाबून जबडा झटकन सरकवायची सोय असलेला वाईस महाग पडतो. तो सैल पकडतो अशी समजूत चुकीची आहे, पकड अर्ध्या नटावर असते आणि ती पुरेशी असते. फक्त त्या नटात भुसा साचू द्यायचा नाही.

‘बेंचच्या कुठल्याही कोपऱ्यात लावा’

उजव्या हाताने काम करणाऱ्याने समोरच्या कडेला डाव्या टोकाकडे. रंधा उजवीकडून डावीकडे पुढे जातो, त्यामुळे जोर वाईसच्या दिशेने येतो आणि फळीचं पुढचं टोक तिथेच पकडलेलं असतं. उजवं टोक बेंचच्या पायात घातलेल्या खुंटीवर टेकवायचं. डावखुऱ्याने सगळं उलट करावं. घरात दुसऱ्याने लावून ठेवलंय म्हणून डावखुऱ्या पोराने चुकीच्या बाजूने झगडत राहू नये.

वाईस शक्यतो पायाच्या जवळ हवा. मात्र भोकं पाडायच्या आधी वाईस जागेवर धरून जबडा पूर्ण उघडून-मिटून बघा. स्क्रू किंवा सळई पायाच्या आडव्या पट्टीवर आदळते हे नंतर कळलं, तर पट्टी कापायची वेळ येते.

नंतर सगळ्यात महत्त्वाचं, आणि घाईत सगळ्यात जास्त वगळलं जाणारं काम: मागचा जबडा बेंचच्या कडेत खाच पाडून आत बसवणं. जबड्यावर अस्तर चढल्यावर त्याचा चेहरा आणि बेंचची कड एका रेषेत आली पाहिजे. जबडा बाहेर राहिला तर लांब फळी बेंचला टेकतच नाही, म्हणजे सुताराचा वाईस घेऊन पुन्हा फिटरच्या वाईसचाच त्रास. गुण्या किंवा सरळ पट्टी जबड्यावरून बेंचच्या कडेवर सरकवून बघा, नखाला पायरी लागता कामा नये. लोखंडी जबड्यांची वरची कड बेंचच्या पृष्ठभागापासून अर्धा इंच खाली ठेवा आणि अस्तर वर सपाट आणा. रंध्याचं पातं किंवा करवत घसरली, तर ती लाकडात जाईल, लोखंडावर नाही. ही उंची जुळवायला वाईस आणि बेंच यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घालावा लागतो. तो सपाट रंधलेला असावा, नाहीतर बोल्ट आवळताना वाईस वाकडा बसतो.

बोल्ट आरपार घाला, वर डोकं खोल बसवून त्यावर लाकडाची गुल्ली ठोका. लांब स्क्रूंवर भागवायचं असेल तर आधी भोक पाडून घ्या. बाभळीत भोकाशिवाय स्क्रू घातला की तो तरी तुटतो, नाहीतर लाकूड तरी उकलतं. बेंच उलटं करून हे काम केलं तर पंधरा किलोचं धूड डोक्यावर तोलत झोपून राहायला लागत नाही.

मराठवाड्यात याला हवेची जोड आहे. मे महिन्यात ४० अंशांच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, श्रावणात फुगतं. दोन फूट रुंद बाभळीचं बेंच एवढ्यात काही मिलिमीटर हलतं. साग त्यामानाने शांत, पण अगदी स्थिर तोही नाही. बेंचची फळी सांगाड्याला चारी बाजूंनी करकचून आवळली तर ती तडकते, किंवा समोरची कड पायांच्या पुढे येते आणि जुळवलेली रेषा बिघडते. म्हणून समोरचे बोल्ट घट्ट, मागचे लांबट भोकात थोडे मोकळे. सगळी हालचाल मागे जाते, वाईसची कड जागची हलत नाही. पावसाळा संपल्यावर एकदा अस्तर वरून रंधून घ्यावं.

बेंचला लाकूड कुठलं? जिल्ह्यात जंगल नावापुरतंच, साग वखारीत येतो आणि महाग असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात माळवदांनीच माणसं गाडली, त्यानंतर नव्याने माळवद चढवायचं धाडस या भागात फारसं कुणी केलं नाही. जुनी घरं उतरवली की त्यातले खांब, तुळया निघतात. दशकानुदशकं सुकलेलं असं लाकूड बेंचला सोनं आहे. फक्त त्यातले खिळे एकेक करून काढल्याशिवाय रंधा लावू नका.

‘लाकडी वाईस म्हणजे तात्पुरती सोय’

उलट लोखंडी वाईसपेक्षा तो कितीतरी जुना आहे. आंद्रे-जाकोब रूबो या पॅरिसच्या सुताराने अठराव्या शतकात, १७६९ पासून छापलेल्या ग्रंथात दाखवलेल्या बेंचला पायाशी लागून उभा लाकडी जबडा आहे, आणि त्या धर्तीची बेंचं आजही जगभर बनतात. जाड बाभळीचा अडीच-तीन फुटी पाट, वरून साधारण आठ इंचांवर स्क्रू, आणि तळाशी भोकं पाडलेली आडवी पट्टी. पट्टीच्या भोकात खुंटी घालायची, लाकडाच्या जाडीपेक्षा किंचित लांबच्या भोकात. वरून आवळलं की जबडा वर मिटतो आणि खाली अडतो. स्क्रू लेथवाल्याकडून चौकोनी आट्यांचा काढून घेता येतो. जबड्याची लांबी मोठी, स्क्रू फळीच्या कडेला, त्यामुळे दार धरायला तो नऊ इंची लोखंडीपेक्षाही बरा. प्रत्येक जाडीला खाली वाकून खुंटी बदलावी लागते, एवढंच. ज्याला दिवसभर वेगवेगळ्या जाडीचं काम आहे त्याने लोखंडी घ्यावा, दारं-चौकटी करणाऱ्याने हा करावा, असं माझं मत.

तेलाबद्दल एक शब्द. स्क्रूवर तेल ओतलं की भुसा त्याला चिकटून लगदा होतो आणि तोच आटे खातो. ब्रशने भुसा झाडून मेणबत्ती घासा. पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळ्याआधी सळ्यांवरही मेणाचा हात फिरवा.

जुना वाईस भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतो आणि बऱ्याचदा नव्यापेक्षा चांगला निघतो. जबडा पूर्ण बाहेर काढून वर-खाली हलवा. थोडा ढिलेपणा चालतो. दांडा फिरवताना अर्धा फेरा रिकामा जात असेल तर नट झिजला आहे, तो बदलता येतो, किमतीत तेवढं कमी करून घ्या. गंज खोल नसेल तर घाबरायचं कारण नाही. मात्र ओतीव भागावर, विशेषतः सळ्यांच्या भोकांभोवती, केसासारखा तडा दिसला किंवा वेल्डिंगचा डाग लागला, तर किलोच्या भावानेसुद्धा घेऊ नका.