पात्र, अपात्र आणि लॅमिनेशन

गोवंडीची छापील गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. डम्पिंग ग्राउंड, झोपड्या, बुलडोझर, मोर्चा, आश्वासन, पुन्हा बुलडोझर. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी ज्यात येते त्या एम पूर्व विभागाचा निर्देशांक ०.०५ निघाला, शहरात सगळ्यांत खाली, हेही सगळीकडे छापून आलं. पण मोर्चा पांगल्यावर बॅनर गुंडाळता गुंडाळता कटिंगबरोबर जे ऐकायला मिळतं, ते सहसा छापलं जात नाही. इथे तेवढंच सांगतो.

सुरुवात जनता कॉलनीपासून करायला हवी. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शेजारची ही वस्ती. इथली माणसं हौसेने आलेली नव्हती; शहरातून उठवून पालिकेनेच त्यांना इथे आणून बसवलं होतं. कोलार गोल्ड फील्ड्सहून आलेला जॉकिन अर्पुथम नावाचा एक सुतार तिथे राहायचा. पालिका कचरा उचलत नव्हती. पुढे आयुष्यभर जॉकिन हा किस्सा रंगवून सांगत. त्यांनी वस्तीतल्या पोरांची सहल काढली आणि अट एकच घातली, प्रत्येकाने किलोभर कचरा वर्तमानपत्रात बांधून आणायचा. पोरांची रांग गाणी म्हणत पालिकेच्या कचेरीसमोर पोहोचली आणि पुड्या तिथेच रिकाम्या झाल्या. वर्षानुवर्षांच्या अर्जांना न फुटलेला पाझर दुपारभरात फुटला. अधिकारी धावत आले. पण पहिला प्रश्न कचऱ्याचा नव्हता. ‘तुमचा पुढारी कोण?’ हे त्यांना आधी हवं होतं.

पुढे अणुकेंद्राला ती जमीन हवी झाली. जॉकिननी दिल्ली गाठली, संसदेबाहेर ठाण मांडलं आणि खुद्द इंदिरा गांधींकडून वस्ती हलणार नसल्याचं आश्वासन मिळवलं. वस्तीत जल्लोष झाला. मग आणीबाणी आली आणि मे १९७६मध्ये सुमारे ७० हजार माणसांची ती वस्ती पोलिसांच्या पहाऱ्यात उचलून ट्रॉम्ब्याच्या चिखलात, चीता कॅम्पला नेऊन टाकली. पोलीस मागावर असलेल्या जॉकिनना काही काळ देशाबाहेर राहावं लागलं. त्याच माणसाला २०००मध्ये मॅगसेसे आणि २०११मध्ये सरकारने पद्मश्री दिली. सरकारची स्मरणशक्ती सोयीपुरती कच्ची असते.

आता वळू या जाहीरनाम्याच्या किश्शाकडे. २००४च्या निवडणुकीत काँग्रेस-राष्ट्रवादीने २०००पर्यंतच्या झोपड्यांना संरक्षण देण्याचं वचन दिलं होतं. मतं मिळाली, विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले आणि डिसेंबरपासून १ जानेवारी १९९५ ही जुनी तारीख धरून तोडकाम सुरू झालं. मंडाळा, अण्णाभाऊ साठे नगर, गोवंडी-मानखुर्दचा सगळा पट्टा बुलडोझरखाली आला. शहरभर ८० हजारांच्या वर घरं पडल्याचे आकडे तेव्हा दिले गेले. मग जाहीरनाम्याचं काय? तर ती छपाईतली चूक होती म्हणे! एका पिढीच्या डोक्यावरचं छप्पर मुद्रितशोधकाच्या नावावर खपलं. वस्तीतली एक आजी तेव्हा म्हणाली, ‘मग घर पाडलं तेपण छपाईतच पाडायचं होतं की.’ शेवटी दिल्लीतून सोनिया गांधींनी लक्ष घातलं तेव्हा हातोडा थंडावला.

बाहेरच्यांना दिसत नाही ती आतली धुसफूस. जॉकिन यांचं झोपडपट्टीवासीय महासंघ-स्पार्क-महिला मिलन हे त्रिकूट सरकारशी बोलणी करून, मोजणी करून घरं मिळवण्याच्या मताचं. मेधा पाटकरांचं घर बचाओ घर बनाओ आंदोलन रस्त्यावरचं. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात रुळांलगतच्या हजारो कुटुंबांचं स्थलांतर स्पार्कने हाती घेतलं तेव्हा एका बाजूने ‘ठेकेदार झाले’ असा टोमणा, तर दुसऱ्या बाजूने ‘घोषणेने भिंत उभी राहत नाही’ असं उत्तर. दोघांचे कार्यकर्ते मात्र एकाच टपरीवर चहा प्यायचे, एकमेकांकडे पाठ करून बसायचे इतकंच. आणि गंमत पाहा, या प्रकल्पाला येणारा जागतिक बँकेचा पैसा खऱ्या अर्थाने अडवला तो या दोघांपैकी कुणीच नाही. प्रकल्पबाधित दुकानदारांनी थेट बँकेच्या तपासणी पॅनेलकडे तक्रार केली आणि १ मार्च २००६ला बँकेने निधीच थांबवला. चार महिन्यांनी तो सुटला. गल्ल्यावर बसणाऱ्याला तक्रार कुठल्या दारात टाकायची ते नेमकं कळतं.

त्या पुनर्वसनातून उभी राहिली ती लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड. सव्वादोनशे चौरस फुटांची खोली आणि समोरची इमारत इतकी खेटून, की शेजारणीची फोडणी आपल्याच कढईत पडल्यासारखी वाटते. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या दोन वसाहतींमध्ये दहा रहिवाशांमागे जवळजवळ एकाला क्षयरोग आढळला, तर जरा मोकळ्या पीएमजी कॉलनीत हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास. ऊन न पोहोचणाऱ्या घराच्या दारात मेंटेनन्सचं बिल मात्र वेळेवर पोहोचतं. खोलीवरून आठवलं, ब्रिटनमध्ये २०१३पासून सरकारी घरात एक झोपायची खोली जास्तीची निघाली तर भाडेकरूच्या घरभाडे भत्त्यातून भाड्याच्या १४ टक्के रक्कम कापतात, असं मी एका बैठकीत सांगितलं. सभा गंभीर होईल अशी माझी अपेक्षा. मागून आवाज आला, ‘जास्तीची? म्हणजे आधी एक असते का?’ पुढची दहा मिनिटं वाया गेली.

रेशनचा घोळ त्याहून भारी. १९९९मध्ये राज्यात तिरंगी शिधापत्रिका आल्या. पिवळ्या कार्डासाठी वर्षाला १५ हजारांच्या आत उत्पन्न हवं, म्हणजे दिवसाला ४१ रुपये. त्याच्या वर गेलात की केशरी, आणि स्वस्त धान्यात कपात. झोपडीत असताना ‘पत्ता अनधिकृत’ म्हणून अडवणूक, इमारतीत गेल्यावर ‘बिल्डिंगमध्ये राहता आणि गरीब कसे?’ अशी विचारणा. घरासाठी तुम्ही जुने आणि भक्कम दिसायला हवेत, धान्यासाठी फाटके. दोन्ही सोंगं एकाच आठवड्यात वठवावी लागतात.

म्हणून इथे तोडकामाची गाडी दिसली की टीव्हीच्याही आधी बाहेर येते ती कागदांची पिशवी: १९७६च्या गणनेची पावती, फोटोपास, मतदार यादीचा उतारा, वीजबिल. एका बाईंनी पावसाच्या भीतीने सगळं लॅमिनेट करून घेतलं होतं. कारकुनाने कार्ड उजेडात धरलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं, ‘यावर शिक्का उमटत नाही. अपात्र.’ बाईंनी तिथेच ब्लेड मागितलं, प्लास्टिक सोललं, त्याबरोबर कार्डावरचं नावही सोलून आलं. मग त्यांनी पर्समधून दुसरं कार्ड काढलं. सोललेली ती लॅमिनेशनवाल्याकडे टाकलेली रंगीत झेरॉक्स होती. खरं कार्ड त्यांनी हातचं सोडलंच नव्हतं.

आणि माहुल! तानसा जलवाहिनीलगतची घरं उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडली आणि विद्याविहारसारख्या ठिकाणची माणसं तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या धुरात नेऊन ठेवली. आगीतून फुफाट्यात म्हणावं, तर इथे आगही शेजारीच होती. २०१५मध्येच हरित लवादाने तिथली हवा आरोग्याला घातक ठरवली होती. ऑक्टोबर २०१८पासून लोक पुन्हा विद्याविहारच्या फुटपाथवर येऊन बसले. सप्टेंबर २०१९मध्ये त्याच उच्च न्यायालयाने माहुलला कुणालाही सक्तीने पाठवू नका असं बजावलं. पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५ हजार भाडं आणि ४५ हजार अनामत द्या, असंही सांगितलं. म्हणजे सरकारी घरात राहायला नकार देणाऱ्या भाडेकरूचं भाडं सरकारच्याच डोक्यावर. निकालाच्या संध्याकाळी फुटपाथवर पेढे वाटले. पैसे लगेच मिळाले असं मात्र कुणी समजू नये.

रिकाम्या राहिलेल्या माहुलच्या हजारो सदनिका २०२५मध्ये पालिकेने आपल्याच कर्मचाऱ्यांना १२ लाख ६० हजारांत विकायला काढल्या. कर्मचाऱ्यांनी फारशी उत्सुकता दाखवली नाही. ज्या हवेची कारकुनांनी फाइलवर वर्षानुवर्षं तरफदारी केली, ती विकत घ्यायची वेळ आल्यावर त्यांनाही खोकला आला.

ऑक्टोबर २०२४मध्ये मंत्रिमंडळाने देवनार डम्पिंगची १२४ एकर जमीन धारावी पुनर्वसनासाठी मंजूर केली. धारावीतल्या अपात्र ठरणाऱ्यांपैकी २०११नंतरच्यांना आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना भाड्याची घरं मिळायची आहेत. गोवंडीकरांच्या वतीने त्यांना एकच सांगणं: कराराची मूळ प्रत कुणाच्याही हाती देऊ नका, झेरॉक्स द्या, आणि पावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.