हळदीचे जेल त्वचेत मुरते कसे?

हळदीचा पिवळा रंग आणि तिचा दाहशामक गुण बऱ्याच अंशी कुरकुमिन या द्रव्यामुळे असतो. पेशींमध्ये दाहाची प्रक्रिया पेटवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला कुरकुमिन अटकाव करते आणि सूज वाढवणारी रसायने कमी तयार होतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. पोटात घेतलेले कुरकुमिन मात्र रक्तात फारच थोडे उतरते. आतड्यातून ते नीट शोषले जात नाही आणि जे शोषले जाते त्याचे शरीर झपाट्याने रूपांतर करते. म्हणूनच ते थेट दुखऱ्या जागी पोहोचवण्याचा मार्ग संशोधकांनी धरला.

हळद जखमेला लावण्याची रीत भारतात जुनी आहे. याच वापरावर १९९५ मध्ये दिले गेलेले अमेरिकी पेटंट, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर, १९९७ मध्ये रद्द झाले. पण जखम उघडी असते. अखंड त्वचा सहजासहजी काही आत घेत नाही. तिचा सर्वांत वरचा थर बहुतेक ठिकाणी अवघा १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा असतो. विटांमध्ये चुना भरावा तसे त्यात मृत पेशींच्या मधल्या जागेत स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. त्यातून साधारणपणे ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) लहान रेणूच पार होतात. कुरकुमिनचा रेणू सुमारे ३६८ डाल्टनचा, त्यामुळे आकार आड येत नाही. आड येते ते पाण्यात न विरघळणे. न विरघळलेले कण त्वचेवरच बसून राहतात.

जेल बनवताना कुरकुमिन आधी अल्कोहोल किंवा प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवतात. हे द्रव त्वचेचा अडसरही थोडा सैल करतात. दुसरीकडे कार्बोमर हा दाटपणा आणणारा पदार्थ पाण्यात फुगवून, त्यात अल्क घालून ते घट्ट करतात. इथेच कसोटी लागते, कारण पीएच ७च्या पुढे जलीय द्रावणात कुरकुमिन काही मिनिटांतच विघटित होऊ लागते. त्यामुळे जेल किंचित आम्लधर्मी ठेवावे लागते. त्वचेलाही तेच मानवते. प्रकाशानेही कुरकुमिन खराब होते, म्हणून अपारदर्शक ट्यूब हवी. लायपोसोम, म्हणजे फॉस्फोलिपिडच्या सूक्ष्म पिशव्या, आणि अल्कोहोलयुक्त इथोसोम यांत भरल्यास ते त्वचेत अधिक खोल जाऊ शकते.

तयार जेल पारखण्यासाठी फ्रांझ डिफ्यूजन सेल वापरतात. त्यात त्वचेच्या एका बाजूला जेल, दुसऱ्या बाजूला द्रव ठेवून ठरावीक वेळाने पार झालेले औषध मोजतात. त्यानंतर उंदराच्या पंजात कॅरेजीननने सूज आणून ती किती उतरते ते पाहतात. मात्र उंदराची त्वचा माणसाच्या त्वचेपेक्षा अधिक पारगम्य असते, त्यामुळे तिथले यश माणसाला जसेच्या तसे लागू होत नाही.

वनस्पतिजन्य म्हणून कोणतेही जेल निर्धोक ठरत नाही. कुरकुमिनची ॲलर्जीही काहींना होते. वेष्टनावर द्रव्याचे प्रमाण आणि मुदत पाहावी, आधी थोड्या जागेवर लावून बघावे आणि सूज टिकली तर डॉक्टरांकडे जावे.