तळमजल्यावरील दुकानगाळे आणि त्यांची विक्री : स्पेनमधील झामोरा शहराच्या संदर्भात

प्रास्ताविक : स्पेनच्या वायव्य भागात दुएरो नदीकाठी वसलेले झामोरा हे त्याच नावाच्या प्रांताचे मुख्य ठिकाण असून त्याची लोकसंख्या सुमारे ६० हजार आहे. सांता क्लारा हा तेथील प्रमुख बाजाररस्ता होय. अशा प्रांतीय शहरांत बंद शटरवर ‘से वेंदे’, म्हणजे ‘विकणे आहे’, असे फलक वारंवार दिसतात. त्याचे कारण केवळ मंदीत शोधणे अपुरे ठरते.

मालकीचे स्वरूप : तळमजल्यावर दुकान व वर सदनिका ही स्पेनमधील इमारतीची रूढ रचना. अशा गाळ्यास ‘बाखो’, म्हणजे ‘खालचा’, असेही म्हणतात. १९६० च्या कायद्यानुसार गाळ्याची मालकी स्वतंत्र असते आणि सामाईक खर्चातील वाटा टक्केवारीने ठरतो. जिना व लिफ्टच्या खर्चातून गाळेधारकास वगळणारी तरतूद अनेक इमारतींच्या नियमावलीत आढळते. वरच्या रहिवाशांशी होणाऱ्या वादाचे ते एक नेहमीचे कारण होय.

भाडेकरूचा हक्क : खरा पेच येथे आहे. १९६४ च्या भाडेकरार कायद्याने मुदत संपल्यावरही करार चालू ठेवण्याचा हक्क भाडेकरूस दिला; तो वारसांकडेही जाऊ शकत असे. जाणारा दुकानदार येणाऱ्याकडून रक्कम घेऊन आपला हक्क सोपवी. यास ‘त्रास्पासो’ म्हणत. मुंबईतील पागडी परिचित असणाऱ्यास हे नवे वाटणार नाही. मालकाच्या हाती नावापुरते भाडे येई. १९८५ च्या अध्यादेशाने नव्या करारांना हे बंधन उरले नाही. जुन्या करारांना १९९४ च्या कायद्याने मुदती घालून दिल्या. मूळ दुकानदारास सामान्यतः निवृत्तीपर्यंत संरक्षण मिळाले. वारसांनी चालविलेल्या अनेक दुकानांचे करार मात्र ३१ डिसेंबर २०१४ रोजी संपले. गाळा मोकळा झाला, पण तोवर २००८ चे बांधकाम-संकट येऊन गेले होते आणि ग्राहक ऑनलाइन खरेदीकडे वळू लागला होता. बाजारभावाने भाडे मागण्याचा अधिकार मालकास मिळाला तो बाजारच आटत असताना.

विक्रीचे व्यवहार : बांधकाम व्यावसायिकाकडून नवा गाळा घेतल्यास २०१२ पासून २१ टक्के मूल्यवर्धित कर लागतो, नव्या घरास तो १० टक्केच आहे. जुन्या गाळ्यावर सहसा हस्तांतरण कर आकारला जातो व त्याचा दर स्वायत्त प्रदेश ठरवितो. गाळ्यात भाडेकरू असेल आणि त्याने करारात हक्क सोडला नसेल, तर खरेदीचा पहिला हक्क त्याचाच.

गाळ्याचे घरात रूपांतर हा एक मार्ग सुचविला जातो. त्यासाठी नगरपालिकेचा परवाना लागतो आणि उंची, उजेड व वायुवीजन यांच्या अटी पाळाव्या लागतात. मोठ्या शहरांत तो परवडतोही. झामोरासारख्या वृद्धबहुल प्रांतात घरांनाच मागणी मर्यादित आहे. परिणामी वडिलोपार्जित गाळा वारसांच्या नावे पडून राहतो. वार्षिक मालमत्ता कर आणि इमारतीची वर्गणी मात्र भरावीच लागते.