आकाशातली आकड्यांची पोथी

‘उपग्रहाने टिपलेले छायाचित्र’ असे वर्तमानपत्रे सर्रास छापतात. पण जमिनीची पाहणी करणाऱ्या आजच्या उपग्रहांत फिल्म नसते, आणि तेथून खाली उतरते ते चित्रही नसते. येतात ते निव्वळ आकडे! माझी पुतणी भूगोल घेऊन एम.एस्सी. करते आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने हे प्रकरण मला समजावून सांगितले, तेव्हा माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराला आठवली ती पोथी.

अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी सोडलेला उपग्रह पुढे लँडसॅट-१ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यावरचे यंत्र व्हर्जिनिया नॉरवुड या विदुषीच्या पुढाकाराने घडले. एक आरसा डोलत डोलत खालची जमीन जणू झाडून काढी आणि परतलेला उजेड चार पट्ट्यांत वेगवेगळा मोजला जाई : एक हिरवा, एक तांबडा आणि दोन डोळ्यांना न दिसणारे, अवरक्त. सुमारे ८० मीटरच्या प्रत्येक तुकड्याला असे चार आकडे. आकडा ० ते ६३ यांमधलाच, कारण त्याला जागा सहा बिटांची. निरोगी पान तांबडा उजेड गिळते आणि अवरक्त परतवून लावते; पाणी अवरक्त जवळजवळ सगळाच पिऊन टाकते. म्हणून हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की पीक कोणते आणि पाणी कोणते, ते कळते.

खरी मौज पुढेच आहे. पट्टे चार, पण फितीवर लिहायचे ते एकामागून एक, एकाच रांगेत. मग क्रम कोणता धरावा? सार्थ पोथी तीन तऱ्हांनी लिहिता येईल. आधी मूळ ग्रंथ सबंध आणि मग अर्थ सबंध. किंवा एक ओवी आणि तिच्याखाली तिचा अर्थ. किंवा शब्दाशब्दाला चिकटून अर्थ. आकड्यांच्याही नेमक्या याच तीन तऱ्हा आहेत : सबंध पट्ट्यामागून पट्टा, ओळीमागून ओळ, बिंदूमागून बिंदू. एकच पट्टा पाहायचा असेल तर पहिली सोयीची. एका शेताचे सारे आकडे एकदम हवे असतील तर तिसरी. दुसरी ही तडजोड आहे, आणि तडजोडीला जगात असते तेवढी प्रतिष्ठा तिलाही आहे.

लँडसॅट-८ हा २०१३ साली वर गेला. तो १२ बिटांत, म्हणजे ४०९६ पायऱ्यांत मोजतो. पण प्रत्येक आकडा साठवताना १६ बिटांत, म्हणजे दोन बाइटांत मांडतात. आता या दोहोंतला थोरला आधी लिहायचा की धाकटा? हसू नका. आपण लिहितो २५, म्हणजे दोन आधी. आणि म्हणतो ‘पंचवीस’, म्हणजे पाच आधी! संगणकांतही अशा दोन परंपरा नांदतात. थोरला बाइट १ आणि धाकटा २, तर आकडा होतो २५८. तोच उलटा वाचला की ५१३. पिकाचे पाणी आणि पाण्याचे पीक व्हायला एवढे पुरे आहे.

म्हणून या पोथीला पहिले पान लागते. ओळी किती, पट्टे किती, क्रम कोणता, कोणता बाइट आधी, आणि पहिला बिंदू पृथ्वीवर नेमका कोठे पडतो, हे सारे त्यावर. जिओटिफ नावाच्या प्रचलित फाईलीत ते आतच शिवलेले असते. ते हरवले तर बाकीचे आकडे शाबूत असूनही मुके! मोडीची दप्तरे ज्यांनी वाड्याच्या माळ्यावर पाहिली आहेत, त्यांना हे दुःख सांगायला नको.

लँडसॅट-८ चे एक चित्र सुमारे १८५ किलोमीटर रुंद असते आणि बहुतेक पट्ट्यांत बिंदू ३० मीटरचा. एका पट्ट्याचे बिंदूच पावणेचार कोटींच्या आसपास भरतात. मग काटकसर आली. शेजारचे आकडे सारखेच असतात. ११२, ११३, ११३, १११ असे लिहिण्याऐवजी ११२ आणि पुढे नुसते फरक लिहिले तरी भागते, आणि मूळ आकडा जसाच्या तसा परत मिळतो. आपल्या फोनमधले फोटो डोळ्याला न जाणवणारा तपशील खुशाल टाकून देतात. मोजमापाच्या कामी ती चैन परवडत नाही. शिवाय हल्ली चित्राचे लहान चौकोन पाडून ठेवतात. पोथीची पाने सुटी असतात ना, तसेच. हवे तेवढेच पान काढावे.

जुन्या चुंबकीय फितींवरचा लेप मात्र दमटपणाने चिकट होतो. अशा फिती मंद आचेवर तापवून, चालतात तोवर वाचून घ्याव्या लागतात. लँडसॅटचा मोठा संग्रह अमेरिकेतील साउथ डकोटात आहे, आणि २००८ पासून तो जगाला फुकट खुला होत गेला. पुतणीने त्यातूनच १९७० च्या दशकातले एक चित्र काढले. माझ्या आजोळचे तळे त्यात जेमतेम सात-आठ ठिपक्यांचे आहे. अवरक्त पट्ट्यात ते काळेभोर दिसते. तेथे आता इमारती आहेत.