पोरांमागे गेलेली शाळा

शाळेतल्या वडीलधाऱ्या माणसाचं काय करायचं, हे आपल्याकडे ठरून गेलंय. स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत खुर्ची, शाल-श्रीफळ, आणि पुढेमागे सभागृहाला नाव. डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर मात्र हा रिवाज रुजला नाही.

ताराबाई मोडक १९४५ मध्ये याच तालुक्यातल्या बोर्डीला आल्या, तेव्हा त्या ५३ वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबरचं बालशिक्षणाचं काम, १९२६ चा नूतन बालशिक्षण संघ, दादरचं शिशुविहार हे सगळं मागे होतं. ग्राम बालशिक्षा केंद्र त्यांनी या वयात उभं केलं. सोबतीला आल्या अनुताई वाघ, वयाने १८ वर्षांनी धाकट्या, पुण्याच्या हुजूरपागेतल्या शिक्षिका.

बालवाडी उघडली, पण वस्तीतली पोरं तिथवर येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. तिथे अक्षरांआधी अंघोळ, नखं कापणं, वेणीफणी. मॉन्टेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शिंपले, खडे, पानं यांवर मोजणी-मांडणी चाले. आजही बालवर्गासाठी रंगीत प्लॅस्टिकचे संच मागवणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

१९५७ च्या सुमारास काम कोसबाडला वारली आदिवासींमध्ये गेलं आणि नवी अडचण उभी राहिली. जरा मोठी पोरं सकाळीच गुरांमागे रानात जात. पोटाचाच प्रश्न, आईबापांना उपदेश करून तो सुटणारा नव्हता. मग शिक्षकच चराईवर जाऊ लागले आणि कुरणशाळा सुरू झाली. धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. या एकत्र रचनेला विकासवाडी म्हणत. पाठ्यक्रमापेक्षा मुलाचा दिवस कसा जातो हे आधी पाहायचं, ही दृष्टी मला या सगळ्या प्रयोगांहून मोठी वाटते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. सत्कार झाले, काम कोसबाडलाच राहिलं. १९७३ मध्ये त्या गेल्या आणि सगळा भार अनुताईंवर आला. दोन वर्षांनी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. योजनेत आहार, लसीकरण आणि वजनकाटा ठळक झाले, शिकणं मात्र बरंचसं मागे पडलं.

अनुताईंनी त्यावर हळहळत बसण्याऐवजी १९८२ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही नवी संस्था काढली. १९९२ मध्ये त्या गेल्या, तोवर आदिवासी मुलांचं शिक्षण हाच त्यांचा उद्योग होता.