क्रेडिट कार्डाच्या विलंबित भरण्याचा वाद व त्याचे परिणाम : सिरोंचा येथील एका अनुभवाच्या आधारे विवेचन

प्रस्तावना

सिरोंचा हा गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा तालुका होय. प्राणहिता व गोदावरीच्या संगमावर वसलेल्या या गावाच्या पलीकडील तीरावर तेलंगणा राज्य आहे. जिल्ह्याचे मुख्यालय येथून दोनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या प्राध्यापक, शिक्षक व शासकीय कर्मचाऱ्यांचे वेतन बँकेत जमा होते व त्याच वेतनाच्या आधारे त्यांना क्रेडिट कार्डही मिळते. मात्र कार्ड देणाऱ्या संस्थेचे कार्यालय महानगरात असते. त्यामुळे भरण्याविषयी वाद उद्भवल्यास समोरासमोर बसून बोलण्यासाठी कोणीही उपलब्ध नसते. प्रस्तुत लेखात असा वाद कसा निर्माण होतो, त्याचे परिणाम कोणते व त्यांचे निराकरण कोणत्या क्रमाने करावे, याचे विवेचन केले आहे.

प्रसंगाचे स्वरूप

प्रस्तुत लेखकाच्या कार्डाचे बिल १२,४०० रुपयांचे होते व देय दिनांक २६ जुलै २०२४ हा होता. पावसामुळे नेटवर्क येत-जात असल्याने २५ जुलैच्या रात्री नेटवर्क मिळताच संपूर्ण रक्कम मोबाइल ॲपद्वारे भरली. बचत खात्यातून ती त्याच रात्री वजा झाली. कार्ड खात्यात मात्र ती १ ऑगस्ट रोजी जमा दाखविण्यात आली. पुढील विवरणपत्रात विलंब शुल्क, व्याज व दोहोंवरील १८ टक्के जीएसटी आकारलेला होता. कस्टमर केअरला फोन केल्यावर ‘सद्भावना म्हणून’ विलंब शुल्क परत मिळाले आणि प्रकरण संपले असे वाटले.

नोव्हेंबर महिन्यात गृहकर्जासाठी अर्ज केला, तेव्हा शाखाधिकाऱ्यांनी पतमाहिती अहवालातील जुलै महिन्याच्या रकान्याकडे बोट दाखविले. तेथे ‘००५’ असा आकडा होता. ३१ जुलै रोजी खाते पाच दिवस थकीत होते, असा त्याचा अर्थ. नोंदीचा खुलासा होईपर्यंत कर्जमंजुरी थांबली.

तीन परिणाम, तीन स्वतंत्र उपाय

या प्रसंगावरून एक बाब स्पष्ट होते. विलंबित भरण्याचे परिणाम तीन असून ते परस्परांपासून स्वतंत्र आहेत. त्यांपैकी एक दूर झाला म्हणजे उरलेले दोन आपोआप दूर होतात, असे नाही.

पहिला परिणाम विलंब शुल्काचा. भारतीय रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी निर्गमित केलेल्या व १ जुलै २०२२ पासून अमलात आलेल्या निर्देशांनुसार खाते तीन दिवसांपेक्षा अधिक काळ थकीत राहिले, तरच विलंब शुल्क आकारण्याची व पतमाहिती कंपनीला थकबाकी कळविण्याची मुभा देण्यात आली. दिवसांची मोजणी मात्र विवरणपत्रावरील मूळ देय दिनांकापासूनच होते. शुल्कही देय दिनांकानंतर शिल्लक राहिलेल्या रकमेवरच आकारावयाचे असते, बिलाच्या एकूण रकमेवर नव्हे.

दुसरा परिणाम व्याजाचा. मागील बिलाची पूर्ण रक्कम वेळेत न भरल्यास व्याजमुक्त कालावधीची सवलत जाते व खरेदीच्या दिवसापासून व्याज मोजले जाते. दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वार्षिक ४२ टक्के दर धरल्यास १२,४०० रुपयांवर ४० दिवसांचे व्याज सुमारे ५७१ रुपये होते. ‘हा दरच अवाजवी आहे’ असा युक्तिवाद करण्याचा मोह येथे होतो. परंतु ३० टक्क्यांपेक्षा अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे ग्राहकाने व्याजाच्या दरावर भर न देता भरण्याच्या दिनांकावर भर देणे अधिक हिताचे ठरते.

तिसरा परिणाम पतमाहिती अहवालातील नोंदीचा. पतमाहिती कंपन्यांचे नियमन २००५ च्या कायद्यान्वये होते. सध्या देशात अशा चार कंपन्या कार्यरत आहेत व कर्ज देणाऱ्या संस्था त्यांच्या अहवालांचा आधार घेतात. शुल्क व व्याज यांचा हिशेब रुपयांत होतो व तो परताव्याने मिटतो. ही नोंद मात्र पुढील कर्जाच्या दारात उभी राहते. शुल्क परत मिळाले म्हणजे नोंद पुसली गेली, हा समजच सर्वाधिक महाग पडतो. किंबहुना ‘सद्भावना’ म्हणून मिळालेला परतावा संस्थेची चूक मान्य करीत नाही. म्हणूनच तो नोंद बदलण्यास पुरेसा आधार ठरत नाही.

वादाचा मूळ मुद्दा व पुरावा

सदर वाद वस्तुतः दिनांकाचा वाद आहे. पैसे ग्राहकाच्या खात्यातून केव्हा गेले, ते कार्ड देणाऱ्या संस्थेकडे केव्हा पोहोचले आणि तिने ते कार्ड खात्यात केव्हा जमा केले, हे तीन वेगवेगळे दिनांक होत. ग्राहकाजवळ सामान्यतः पहिल्याचाच पुरावा असतो. निर्णायक ठरतो तो दुसरा. म्हणून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक घेऊन आपल्या वेतन खात्याच्या शाखेत लेखी अर्ज करावा व रक्कम समोरच्या संस्थेकडे कोणत्या दिवशी पोहोचली याचे पत्र मागावे. प्रस्तुत प्रकरणात असे पत्र मिळाले. रक्कम २६ जुलैच्या सकाळीच पोहोचली होती, असे त्यात नमूद होते. ती पुढे सहा दिवस कार्ड देणाऱ्या संस्थेच्याच हिशेबात अडकून होती.

निराकरणाचा क्रम

प्रथमतः तक्रार लेखी स्वरूपात, ई-मेलद्वारे किंवा नोंदणीकृत टपालाने करावी व तक्रार क्रमांक जपून ठेवावा. फोनवरील संभाषणाचा पुरावा आपल्या हाती राहत नाही. उपरोक्त निर्देशांनुसार बिलाविषयी हरकत घेतल्यास संस्थेने ३० दिवसांच्या आत स्पष्टीकरण व आवश्यक तेथे कागदोपत्री पुरावा देणे अपेक्षित आहे. थकबाकीची माहिती पतमाहिती कंपनीला कळविण्यापूर्वी ग्राहकास सात दिवसांची सूचना द्यावी, तसेच वाद प्रलंबित असताना अशी माहिती उघड करण्याबाबत विशेष दक्षता घ्यावी, असेही त्यांत नमूद आहे. म्हणजेच वेळेत केलेली लेखी हरकत ही नोंद होण्यापूर्वीच अडसर निर्माण करते. फोनवर समाधान मानल्याने प्रस्तुत लेखकाने ही संधी गमावली.

दुसरे असे की, वाद सुरू असताना विवादित नसलेली रक्कम देय दिनांकापूर्वी भरावीच. संतापाने संपूर्ण बिल थांबविल्यास जुन्या वादग्रस्त विलंबात नवा व निर्विवाद विलंब भर घालतो.

तिसरे, नोंद झालीच असल्यास पतमाहिती कंपनीकडे स्वतंत्र तक्रार करावी. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याची तरतूद झाली. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने तक्रार ३० दिवसांत न सोडविल्यास प्रतिदिन १०० रुपये भरपाईची व्यवस्था केली. शाखेचे पत्र जोडून डिसेंबरमध्ये केलेल्या तक्रारीनंतर प्रस्तुत लेखकाची नोंद २४ दिवसांत दुरुस्त झाली व कर्जाची फाईल पुढे सरकली.

चौथे, ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेने ऑनलाइन वा टपालाने, विनाशुल्क व वकिलाविना तक्रार करण्याची सोय केली. सिरोंचासारख्या ठिकाणी या सोयीचे मोल विशेष आहे. याखेरीज ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. त्यासाठी महानगरात जावे लागत नाही.

समारोप

दुर्गम भागातील ग्राहक बिल भरण्यात हयगय करतो असे नाही. परंतु पैसे निघणे व जमा होणे यांतील अंतराची जोखीम नकळत त्याच्याच माथी येते. यास्तव देय दिनांकाच्या किमान चार-पाच दिवस आधी भरणा करणे, भरल्यानंतर कार्ड खात्यातील जमा नोंद तपासणे आणि वर्षातून एकदा पतमाहिती अहवाल पाहणे, ही त्रिसूत्री प्रत्येक प्राध्यापकाने अंगीकारावी. तरीही वाद उद्भवल्यास शुल्क, व्याज व नोंद या तिन्हींच्या दुरुस्तीची मागणी एकाच लेखी पत्रात करावी. तिन्हींचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत वाद मिटला, असे मानू नये.